डेस्कटॉप झाडणारी बाई

तलासरी,
फेब्रुवारी २०१९

प्रिय सुनी,

हे पत्र आपल्या वेवजीच्या बायजीकडून, मेथीच्या जुडीखाली घालून पाठवते आहे. ती उमरगावात तुमच्या कॉलनीत भाजी विकायला येते, हे मला आत्ता आत्ता कळलं. पत्र खिडकीच्या जाळीपाशी उभी राहूनच वाच आणि वाचून झालं की तिच्या टोपलीत परत टाक. घरात ठेवू नकोस. गादीखाली नको, तांदळाच्या डब्यात नको. बायजी तोवर तुझ्या पायरीवर बसून पान खाईल, तिला घाई नाही. तुला वाटेल, फोन असताना आईला कागद कशाला सुचला. फोन तू स्पीकरवर घेतेस, बाळा. आणि दुकानातल्या कॉम्प्युटरवर मी एक ओळ टाइप केली तरी ती तुझ्याआधी तुझ्या नवऱ्याच्या लॅपटॉपवर जाऊन बसते. आयुष्यभर पोरांना टायपिंग शिकवलं आणि आता हाताने लिहायची वेळ आली, तेव्हा अक्षराला हसू नकोस.

इकडे धक्के अजून चालूच आहेत. दिवाळी संपली आणि जमीन हलायला लागली ती काही थांबायचं नाव घेत नाही. लोक अंगणात ताडपत्र्या बांधून झोपतात. कोसबाडला जयश्रीमावशी बालवाडीच्या मुलांना झाडाखाली बसवून शिकवते. दुकानाच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत चीर गेली आहे, तिच्यावर मी कॅलेंडर लावलं. संक्रांतीला तुला चार दिवस पाठवा म्हणून जीवनरावांना फोन केला, तर म्हणाले, आई, तिकडे जमीन हलतेय आणि तुम्ही मुलीला बोलावताय? मी बरं म्हणून फोन ठेवला. एरवी माझ्या तोंडाला कोण लागतं, पण त्यांच्याशी बोलताना माझी जीभ जड होते. असं का होतं याचा मी पुष्कळ विचार केला. त्याचं एक कारण आमच्या दुकानातला तो निळा ढग आहे.

तुला आठवतं, तुझ्या लग्नानंतरच्या पावसाळ्यात दुकानाचा कॉम्प्युटर बंद पडला आणि तुझ्या हळदीचे सगळे फोटो गेले. मी दोन दिवस जेवले नव्हते. तेव्हा जीवनराव स्वतः आले, नवा कॉम्प्युटर लावून दिला आणि स्क्रीनवर घड्याळाशेजारी कोपऱ्यात तो ढग बसवून दिला. आई, आता तुमचं काही म्हणजे काहीच हरवणार नाही, असं म्हणाले. खातं त्यांच्या नावाचं, पासवर्ड त्यांचा, त्यांनीच एकदा टाकून ठेवलेला. त्या एका खात्याला त्यांचा लॅपटॉप, तुझा फोन आणि माझा कॉम्प्युटर, असं सगळं जोडलेलं. मी नाक्यावरच्या प्रत्येकाला सांगितलं, जावई असावा तर असा. खोटं कशाला बोलू, खरंच वाटलं होतं तसं.

पण माझी सवय तुला माहीत आहे. आपल्याकडे माणसं येतात ती आधार, जातीचा दाखला, सातबारा, बँकेचं पासबुक असं सगळं माझ्या हाती देऊन बाकड्यावर निवांत बसतात. कागदावर काय आहे ते त्यांना वाचता येत नाही, पण बाई वाईट करणार नाही एवढं त्यांना माहीत आहे. म्हणून तुझ्या बाबांनी पहिल्या दिवसापासून नियम लावला होता. काम झालं, प्रिंट दिली, की गिऱ्हाइकाचं काहीही आपल्याकडे ठेवायचं नाही. दुकान बंद करताना आधी डेस्कटॉप झाडायचा, मग फरशी. बाबा गेल्यावरही मी कधी चुकवलं नाही. तू शाळेत असताना मैत्रिणींना सांगायचीस, माझी आई कॉम्प्युटरला केरसुणी लावते.

तर ढग आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी नेहमीसारखं झाडलं, आणि तिकडे जीवनरावांच्या कंपनीची कुठलीशी मोठी फाइल गेली. माझ्या डेस्कटॉपवर अचानक कुणाच्या तरी फाइली दिसल्या, मला वाटलं गिऱ्हाइकाच्या असतील. मला काय माहीत की इथे पुसलं की तिथेही पुसलं जातं! सकाळी सकाळी फोन. अडाणी काय, खेडवळ काय, शिकवणी कसली घेत होतात काय. मग तुमचं तुम्हीच निस्तरा म्हणत फोनवरच त्यांनी मला एकेक पायरी करायला लावली. इंटरनेटवर जा, खातं उघडा, डावीकडे खाली बघा, डोळे आहेत ना. तेव्हा मला कळलं की ढगाचीही स्वतःची कचऱ्याची टोपली असते, आणि आपण पुसलेलं तिथे महिनाभर पडून असतं. फाइल परत आली. गिऱ्हाइकांसमोर मान खाली घालून मी सगळं ऐकून घेतलं, पण रस्ता ध्यानात ठेवला.

तेव्हापासून हा कॉम्प्युटर माझा राहिलाच नाही. मी एक फाइल ठेवावी, तर तिच्याच नावाची दुसरी फाइल शेजारी येऊन बसते, वर लिहिलेलं असतं जीवनच्या लॅपटॉपची प्रत. कुठली खरी, कुठली शिळी, शोधत बस. जागा भरू नये म्हणून काही फाइली नुसत्या दिसतात, असतात मात्र वर ढगात. नेट गेलं की उघडत नाहीत. वेवजीचा काकड्या प्रतिज्ञापत्रासाठी तीन खेपा घालून गेला, मी टाइप केलेलं पान मलाच उघडेना. आपल्याच घरात आपल्याच कपाटाला दुसऱ्याचं कुलूप, असं झालं होतं. वर जीवनराव रात्रीच्या फोनवर सहज म्हणायचे, आज रेशनकार्डाची गर्दी होती वाटतं, आई. लोकांचे कागद एक परका माणूस बघतो आहे आणि ते माझ्या हातून होतं आहे, याची मला लाज वाटायची. म्हणून मी माझं काम पेनड्राइव्हवर करू लागले आणि झाडणं चालूच ठेवलं. मधूनमधून त्यांचंही काहीतरी झाडलं जायचं, मग पुन्हा फोन, पुन्हा अडाणी. काढून टाका हो हे एकदाचं, असं मी म्हटलं, तर हसून म्हणाले, काढतो की, पण मग सुनिताचे फोटो तुम्हाला कसे दिसणार?

तिथे त्यांनी मला बरोबर पकडलं. कारण सुनी, मी तो ढग सोसला तो फक्त तुझ्यासाठी. तू फोनवर फोटो काढलास की आपोआप माझ्याकडे यायचा. तुला ते ठाऊक होतं की नव्हतं कोण जाणे. सकाळी दुकान उघडलं की गिऱ्हाइकाच्या आधी मी तुझे फोटो उघडायचे. आपल्या परसातून नेलेली सदाफुली तुझ्या गॅलरीत फुलली तो फोटो. फुगलेल्या भाकरीचा फोटो, आणि करपलेल्या भाकरीचा त्याहून मोठा. नारगोळच्या किनाऱ्यावर तुझे नुसते पाय. आईला एवढं पुरतं.

मग हळूहळू किनारा गेला. बाजार गेला. शेजारणीची पोरं गेली. गेलं वर्षभर सगळे फोटो घराच्या आतले. ओटा, भिंत, खिडकीची जाळी, पुन्हा ओटा. एकाही फोटोत आकाश नाही. मी मनाला सांगायचे, उन्हाळा आहे, बाहेर पडत नसेल. मग म्हणायचे, पावसाळा आहे. सदाफुलीचा फोटो तर कधी बंद झाला तेही मला सांगता येणार नाही. फोनवर विचारलं की तुझं ठरलेलं, मी बरी आहे, आई. ते तू इतकं पटकन म्हणायचीस की मला पुढचं विचारायला जागाच राहायची नाही.

दिवाळीत मी फराळाचा डबा घेऊन न सांगता आले, आठवतं ना. तू दार उघडलंस आणि आधी मागे वळून बघितलंस. तासभर आपण तिघं बसलो, आणि जीवनराव आपल्या दोघींच्या मधल्या खुर्चीत. तू पाणी आणायला उठलीस तर तेही उठले. शेवटी तूच म्हणालीस, आई, अंधार पडेल, तू नीघ, मी बरी आहे. मी निघाले. बसमध्ये मला इतका राग आला होता तुझा, की विचारू नकोस. मुलगी परकी झाली म्हणून भिलाडपर्यंत रडले. तुझ्यावरचा तो राग चुकीचा होता, हे मला आता ठाऊक आहे.

कसं कळलं ते सांगते. तू जाळीला घट्ट धर आधी. गेल्या महिन्यात एका सकाळी दुकान उघडलं आणि नेहमीसारखं तुझं फोल्डर उघडलं. आदल्या संध्याकाळचे नवे फोटो आले होते. चित्रं अगदी बारीक दिसत होती, मला वाटलं जांभळाचे डाग पडलेली चादर आहे. मग नीट बघितलं. तुझी पाठ होती. तुझा दंड होता. आरशात बघून काढलेला तुझा गळा होता.

मी काय केलं ते तुला सगळं सांगते, म्हणजे तुला कळेल की तुझी आई नुसती रडत बसली नाही. पहिल्यांदा मी घड्याळ बघितलं. जीवनराव दहाला ऑफिसात लॅपटॉप उघडतात हे मला पक्कं माहीत, कारण त्यानंतरच त्यांच्या शिव्यांचा फोन येतो. आता त्यांना मी जीवनराव म्हणणार नाही. त्याने लॅपटॉप उघडला असता तर हेच फोटो त्याच्यासमोर गेले असते. तू कदाचित फोनमधून लगेच पुसलेही असशील, घाबरून. पण पुसण्याच्या आधीच ते वर गेले होते, पोरी, आणि फोनमधला फोटो पुसला तरी वरचा राहतोच. तुला वाटलं असेल की आपण पुरावा ठेवला नाही आणि धोकाही ठेवला नाही. दोन्ही तसेच होते, ढगात.

पुसायचे तर आधी आपल्याकडे उतरवून घ्यायला हवे, नाहीतर कायमचे गेले. आणि त्या दिवशी नेट असं, की गोगलगाय बरी. एक फोटो खाली यायला मिनिटं लागत होती, निळे बाण गोल गोल फिरत होते. समोर काकड्या सातबारा धरून उभा. त्याला म्हटलं, जा बाबा, चहा पिऊन ये, पैसे मी देते. दारावर पडदा ओढला. फोटो पेनड्राइव्हवर घेतले. रंगीत प्रिंटरला पासपोर्ट फोटोचा चकचकीत कागद लावला आणि माझ्या हातांनी माझ्या मुलीची पाठ छापली.

मग मनात आलं, नुसते हेच फोटो गेले तर त्याला वास लागेल. हा माणूस साधा नाही. म्हणून मी ते पूर्ण फोल्डर आधी पेनड्राइव्हवर घेतलं आणि मग सगळंच झाडलं. तुझी भांडी, भिंती, भाकऱ्या, सगळं. डेस्कटॉपवरच्या त्याच्या कंपनीच्या फाइलीही झाडल्या. मग त्यानेच शिकवलेल्या रस्त्याने वर गेले, डावीकडे खाली बघितलं, डोळे आहेतच, आणि ढगाची टोपलीही रिकामी केली. निळे बाण फिरत राहिले आणि मी देवाचं नाव घेत खुर्चीत बसून राहिले. सगळं पुसल्याची हिरवी खूण आली तेव्हा काकड्या पडद्याबाहेरून विचारत होता, बाई, चहा दोन कप झाला, येऊ का आता?

दहानंतर त्याचा फोन आला. काय बोलला ते लिहिण्यासारखं नाही. मी म्हटलं, चुकलं हो, झाडायची सवय. तो ओरडला, टोपलीसुद्धा रिकामी केलीत? मी म्हटलं, केर भरला की टोपली रिकामी करायचीच ना. सुनी, आयुष्यात शिव्या खाताना मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. पण मग तो म्हणाला, तुमच्याकडून हे काढूनच टाकतो. तेव्हा मात्र मी रडले. सोंग करावंच लागलं नाही. हात जोडते, मुलीचे फोटो तेवढे राहू द्या, म्हणाले. त्याला विनवण्या आवडतात. राहू दिलं त्याने.

तेव्हापासून मी मुद्दाम वरचेवर चुका करते. आठवड्यातून एखादी फाइल झाडते, कधी दोन. तो मला मूर्ख म्हणतो आणि मी त्याला तसंच म्हणू देते. कारण जोवर मी मूर्ख आहे, तोवर काही नाहीसं झालं तर तो तुझ्याकडे बघणार नाही, माझ्याकडे बघेल.

मधल्या काळात बायजी दुकानात आधारच्या कामाला आली. बोलता बोलता म्हणाली, तुझी पोर जाळीतून हात काढून भाजी घेते गो, दाराला भायेरून कुलूप रेतं. ती सहज बोलून गेली आणि मी दुकानाचं दार लोटून घेतलं. तिला सगळं सांगितलं. ती कुणाला बोलणार नाही, तिच्या स्वतःच्या लेकीचंही असंच झालं होतं. प्रिंटा आणि पेनड्राइव्ह आता कोसबाडला जयश्रीमावशीच्या भाताच्या कणगीत आहेत. मावशी मला डहाणूला कोर्टात एका वकीलबाईंकडे घेऊन गेली. त्यांनी फोटो बघितले, चष्मा काढून ठेवला, आणि म्हणाल्या, उद्या पोलीस घेऊन दारात जाऊ, पण नवऱ्यासमोर ही पुन्हा मी बरी आहे म्हणाली तर सगळं तिथेच संपेल, आणि मागाहून तिलाच भोगावं लागेल. तिच्या तोंडून हो यायला हवं. मी त्यांच्याशी भांडले. मला वाटत होतं पहार घेऊन आत्ताच्या आत्ता कुलूप तोडावं. पण दिवाळीतलं तुझं तोंड मला आठवलं, आणि मी त्यांचं ऐकलं.

म्हणून हे पत्र, सुनी. मला फक्त तुझा हो हवा आहे, आणि तो त्याच्या डोळ्यांदेखत कसा पाठवायचा तेही मी ठरवलं आहे. ज्या सकाळी तुझं मन तयार होईल, त्या सकाळी तो कंपनीत गेला की गॅलरीतल्या सदाफुलीचा फोटो काढ. फुलं नसतील तर पानांचा काढ. वाळून गेली असेल तर नुसत्या कुंडीचा. तो फोटो त्याच्याकडेही जाईल, जाऊ दे, त्याला झाड दिसेल. माझ्याकडे आला की मी, मावशी आणि वकीलबाई पोलिसांना घेऊन निघू, आणि बायजीचा पोरगा लाहू भाजीचा टेम्पो घेऊन तुमच्या फाटकाशी थांबेल. कुलूप पोलीस उघडतील, तू दाराशी येऊन एवढंच म्हणायचं, मला आईकडे जायचं आहे. दुसरा शब्द नको. घाई करू नकोस, भिऊ तर मुळीच नकोस, आणि नाही जमलं तरी मी तुझ्यावर रागावणार नाही. मी हल्ली कॉम्प्युटर बंद करत नाही, नेट गेलं की मोबाइलचं जोडते, जमीन हलली तरी उठून बाहेर पळत नाही, स्क्रीनसमोर बसून राहते. बाकी जे येईल ते झाडेन. तो एक फोटो मात्र मी झाडणार नाही.

तुझीच, वाट बघणारी,
आई